अकरा रात्रींचा पत्ता

सकाळचा चहा झाला, कप विसळून पालथे घातले, की लिफ्टवाले कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढून बसत आणि धाकटी चष्मा पुसत त्यांच्या मागे येऊन उभी राहत असे.

"हं, नंबर सांग."

अर्जाचा चौदा आकडी नंबर धाकटीला तोंडपाठ होता. ती तो तीन-तीन आकड्यांचे तुकडे करून सांगे, शिवणखोलीत मापं सांगायची तसा. मग जन्मतारीख. मग कॉम्प्युटर विचारी, तुम्ही माणूसच आहात ना? आणि ते सिद्ध करायला नऊ चित्रं पुढे टाकून म्हणे, यातली पायऱ्या असलेली निवडा.

"जन्मभर लोकांना पायऱ्या चढाव्या लागू नयेत म्हणून राबलो," लिफ्टवाले म्हणत, "आणि हा मलाच पायऱ्या शोधायला लावतोय."

"शोधा मुकाट्याने. काल चुकलात तर पुन्हा सगळं पहिल्यापासून करावं लागलं."

मग ती ओळ येई: 'तपासणी सुरू आहे.' आठ महिने तीच ओळ. रविवारीसुद्धा ते बघत. सूनबाई म्हणे, "अहो बाबा, रविवारी कोण बसतंय कचेरीत?" त्यावर लिफ्टवाल्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "बघायला काय जातंय?"

दोघी बहिणींतली लहान म्हणून ती माहेरी धाकटी. लग्नात नवऱ्याच्या कानावर तेच नाव पडलं आणि त्याने तेच उचललं. आता तिचे गुडघे उठताबसता वाजायचे, सत्तरीला एकच वर्ष उरलं होतं, तरी ती धाकटीच होती. नवऱ्याची हयात लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली, म्हणून इमारतीत सगळे त्यांना लिफ्टवाले म्हणत आणि लिफ्ट अडकली की अजूनही आधी त्यांचंच दार ठोठावत. ते या देशाचे नागरिक होऊन अठरा वर्षं झाली होती. मुलगा तर इथेच वाढलेला. तो लांब पल्ल्याचा ट्रक चालवी आणि महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर असे. घरात परकी अशी एकटी धाकटीच उरली होती, आणि तीही स्वतःच्या आळसाने. इस्पितळाच्या शिवणखोलीत ती बावीस वर्षं होती. चादरी नेहमी मधे विरतात, कडेला नव्या राहतात. तेव्हा मधोमध कापायच्या, कडा आत घेऊन जोडायच्या, की चादर आणखी चार वर्षं जाते. अशा किती हजार चादरी तिच्या हाताखालून गेल्या असतील. इस्पितळच तिचा राहण्याचा परवाना दर दोन वर्षांनी वाढवून घ्यायचं, त्यामुळे तिला कधी घाई वाटली नाही. "होईल सावकाश," असं म्हणता म्हणता ती निवृत्त झाली.

आता शेवटचा परवाना संपायला चार महिने उरले होते. नागरिकत्व मिळालं तर प्रश्न नव्हता. नाही मिळालं तर नवऱ्याच्या आधाराने नवा परवाना मिळतो, पण तो देशाबाहेर राहून मागावा लागतो, आणि त्याला वर्ष-दीड वर्ष लागतं. लिफ्टवाल्यांची नजर अधू झालेली. इन्शुलिनच्या सुईवरचे आकडे त्यांना दिसत नसत, ते धाकटी बघे. दीड वर्ष ते आकडे कोण बघणार, हे दोघांच्याही मनात होतं. बोलून कोणीच दाखवत नव्हतं.

त्या मंगळवारी ओळ बदललेली दिसली.

लिफ्टवाल्यांनी नाक पडद्याला लावलं. "काय लिहिलंय गं? 'अधिक माहिती हवी' असंच ना?"

"सूनबाईला हाक मारा."

सूनबाई दातांच्या दवाखान्यात नोंदणीवर होती. दिवसभर लोकांचे फॉर्म भरायचं तिचं काम, म्हणून हा अर्जही तिनेच भरला होता. एका पायात चप्पल घातलेली, तशीच ती आली आणि पत्र उघडून मोठ्याने वाचू लागली.

"'अर्जदाराने गेल्या दहा वर्षांतल्या प्रवासांची दिलेली यादी अपुरी आहे. सात वर्षांपूर्वी अर्जदार अकरा दिवस देशाबाहेर असल्याची नोंद विमानतळावर आहे. प्रवासाचं कारण, प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पत्ता आणि ज्यांच्याकडे मुक्काम केला त्यांचं सहीचं पत्र अठ्ठावीस दिवसांत पाठवावं. न पाठवल्यास अर्ज नामंजूर समजावा.'" तिने मान वर केली. "काहीतरी घोळ दिसतोय यांचा. आई, सात वर्षांपूर्वी कुठे गेला होतात तुम्ही? तुम्ही तर मला सगळे प्रवास दिवसांसकट घडाघडा सांगितले होते. काकांचं साठावं वर्ष, आजींचं ऐंशीवं, त्या चुलत नणंदेच्या मुलीचं लग्न..."

धाकटी चष्मा पुसू लागली. लिफ्टवाले उठले आणि वर्तमानपत्र शोधू लागले. ते त्यांच्या हातातच होतं.

सूनबाई हुशार होती. दोघांकडे आळीपाळीने बघून म्हणाली, "मला उशीर होतोय. संध्याकाळी बसू." आणि दुसरी चप्पल घालून निघून गेली.

विसरली म्हणावं तर ते खोटं होतं, आणि लपवलं म्हणावं तर तेही पुरतं खरं नव्हतं. धाकटीची आठवण मुळात फार पक्की. कोणत्या वर्षी कोणाच्या बारशाला कोणत्या रंगाचं झबलं शिवलं, ते ती सांगू शकत असे. पण त्या एका खेपेचं नाव या घरात सात वर्षांत निघालं नव्हतं. ती परत आली त्या दिवशी लिफ्टवाल्यांनी विचारलं होतं, "काय झालं?" ती म्हणाली होती, "भांडण झालं ताईशी. विचारू नका." त्यांनी विचारलं नाही. तीन आठवड्यांनी आई गेल्याचा फोन आला, तोही त्यांनीच घेतला. धाकटी गेली नाही. त्यानंतर दोघी बहिणी एकमेकींशी बोलल्या नाहीत. सूनबाई या घरात आली ती पुढे तीन वर्षांनी. तिला बिचारीला काय माहीत? अर्ज भरताना तिने विचारलं होतं, "आणखी एखादा प्रवास?" धाकटी म्हणाली, "झाले." त्या वेळी लिफ्टवाल्यांच्या हातातलं वर्तमानपत्र जरासं खाली आलं होतं आणि पुन्हा वर गेलं होतं.

"तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?" सून गेल्यावर धाकटीने विचारलं.

"तूच म्हणाली होतीस, विचारू नका."

"विचारू नका म्हटलं होतं. सरकारी अर्जात तोंडात गुळणी धरून बसा, असं नव्हतं म्हटलं."

"हे बघ, मी तारा जोडणारा माणूस. जिथे झटका बसतो तिथे मी पुन्हा हात लावत नाही." ते खाली बसले. "आता ताईंना फोन कर. पत्र त्यांच्याचकडून लागणार. अकरा दिवस तू त्यांच्याचकडे होतीस ना?"

धाकटी कप पुसू लागली. कप कोरडेच होते.

अकरा दिवस ती ताईकडे नव्हती. चारच होती.

आई तेव्हा तीन वर्षं अंथरुणाला खिळलेली, आणि तिचं सगळं ताई एकटी करायची. ताई शाळेत शिकवून निवृत्त झालेली. हिशोबी, कडक, कमी बोलणारी. धाकटी गेली ती इस्पितळाचा तोरा घेऊनच गेली. पहिल्या दिवशी तिने चादर बदलली. दुसऱ्या दिवशी आईच्या पाठीवरची जखम बघून म्हणाली, "आमच्याकडे असं होऊ देत नाहीत. दर दोन तासांनी कुशीवर वळवतात." तिसऱ्या दिवशी तिने पलंगाची जागा बदलली. पाचव्या दिवशी सकाळी ताईने भाजी चिरता चिरता, आवाज न चढवता सांगितलं, "तू पाहुणी आहेस. पाहुण्यासारखी राहा, नाहीतर नीघ." धाकटी निघाली. आई झोपली होती, तिला उठवलंही नाही.

तिकीट बाराव्या दिवसाचं होतं. बदलून मिळालं नाही. घरी फोन करून काय सांगणार? तिने त्याच गावात बसस्थानकासमोरच्या लॉजमध्ये खोली घेतली. ताईच्या घरापासून चालत वीस मिनिटं. सात रात्री ती तिथे राहिली. फोन उशाशी ठेवून झोपायची, ताई बोलावेल म्हणून. ताईला वाटलं, ही विमानात बसून गेलीसुद्धा. ती कशाला फोन करते? रोज संध्याकाळी धाकटी गल्लीच्या तोंडापर्यंत जायची, आईच्या खोलीतला दिवा लागलेला बघायची आणि परत फिरायची. पाच पावलं पुढे टाकायला तिला काय झालं होतं, ते तिचं तिलाही पुढे कधी सांगता आलं नाही. आणि महिन्याभरात आईच राहिली नाही. मग सांगायचं तरी कोणाला, आणि कोणत्या तोंडाने?

त्या संध्याकाळी सूनबाईला तिने एवढंच सांगितलं, की पत्र ताईकडून मागवावं लागेल. तीन दिवस तिने फोन केला नाही. चौथ्या दिवशी सूनबाईने दवाखान्यातून येऊन विचारलं, "आई, केलात?" पाचव्या दिवशी तिने काही विचारलं नाही, फक्त भिंतीवरच्या कॅलेंडरवर मुदतीच्या अठ्ठाविसाव्या दिवसाला लाल गोल केला. सहाव्या दिवशी दुपारी लिफ्टवाले वरच्या मजल्यावर अडकलेल्या कोणाला तरी सोडवायला गेलेले बघून धाकटीने दार लावलं आणि नंबर फिरवला. तोही तिला पाठ होता.

"कोण?" ताईचा आवाज म्हातारा झाला होता.

"मी. धाकटी."

मग ताई म्हणाली, "कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं. सगळे बरे आहेत."

"मग?"

बरी आहेस का, गुडघे कसे आहेत, यातलं काहीच नाही. नुसतं 'मग?' धाकटीला ते बरं वाटलं. तिने सरळ अर्जाचं सांगितलं: विमानतळावरची नोंद, अठ्ठावीस दिवस, सहीचं पत्र, आणि पत्र गेलं नाही तर काय होईल तेही.

ताईने मधे न बोलता ऐकून घेतलं. शाळेत पोरांची कारणं ऐकत असे तसं.

"म्हणजे काम पडलं म्हणून आठवण झाली."

"आठवण रोजच होती. फोन कामासाठी केला."

"बरी खरं बोलतेस. लिहिते पत्र. किती तारखेपासून किती?"

धाकटीने तारखा सांगितल्या. पलीकडे पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला आणि मग थांबला.

"हे अकरा दिवस होतात. तू चार दिवसांनी गेलीस."

"तुझ्याकडून गेले."

"मग होतीस कुठे?"

"गावातच. बसस्थानकासमोरच्या लॉजवर."

"कोणत्या? तो निळ्या पाटीचा? तिथे ढेकूण आहेत!" ताईचा आवाज एकदम चढला. "सात रात्री? आणि खात काय होतीस?"

"खाल्लं काहीतरी."

"काहीतरी म्हणे. अगं, वीस मिनिटांवर घर. मी इकडे आईला एकटी उचलत होते. एका हाताने चादर ओढायची, दुसऱ्या हाताने तिला धरायचं. आणि तू तिथे फुगून बसली होतीस?"

"हो."

ताईने फोन ठेवला.

पाच मिनिटांनी फोन वाजला.

"ऐक," ताई म्हणाली. आवाज आता पुन्हा पूर्वीसारखा होता. "मी अकराही रात्रींचं लिहून देते. 'माझ्या घरी मुक्कामाला होती.' सही, ओळखपत्राची प्रत, सगळं. विषय संपला. तुझ्या नवऱ्यालाही काही सांगायला नको. त्यांना ठाऊक नाही ना?"

"तुला कसं कळलं?"

"तू दारं लावून बोलते आहेस. आवाज घुमतोय."

धाकटीला हसू आलं. सोपं होतं. चार ओळींचं पत्र, एक सही. कोण बघायला जाणार होतं त्या लॉजच्या वहीत? नवरा इन्शुलिन घेऊन निर्धास्त झोपणार, सून कॅलेंडरवरचा गोल खोडणार. ताई तिच्यासाठी खोटं लिहायला तयार होती. जन्मात पोरांना अर्धा गुणसुद्धा फुकट न देणारी ताई.

"नको," ती म्हणाली. "चारच लिही."

"मूर्ख आहेस. नामंजूर केला म्हणजे?"

"एकदा गाळलं म्हणून तर इथवर आलं. आता खोटं घालून काय करू? उद्या आणखी कोणी विचारेल, मग तुलाही खोटं बोलावं लागेल. चार माझ्या, म्हणजे तुझ्याकडच्या. सात लॉजवरच्या. मी लिहीन."

"कारण काय लिहिशील?"

"भांडण."

"कोणाची चूक, ते?"

"तेवढी जागा नाही त्या चौकटीत," धाकटी म्हणाली. "हजार अक्षरांतच लिहायचंय."

ताई हुं म्हणाली आणि तारखा पुन्हा विचारून घेतल्या.

त्या संध्याकाळी धाकटीने सूनबाईला बसवलं आणि नवऱ्यालाही बसवलं. "वर्तमानपत्र ठेवा बाजूला," ती म्हणाली. त्यांनी ठेवलं. मग ती सांगू लागली आणि सूनबाई टाइप करू लागली. लॉजचं नाव, रस्ता, सात तारखा. चौथ्या तारखेशी सूनबाईची बोटं थांबली, पण तिने वर बघितलं नाही. लिफ्टवाले मात्र बायकोकडेच बघत होते.

"त्या सात दिवसांत मी दोनदा फोन केला होता तुला," ते शेवटी म्हणाले. "तू म्हणालीस, आई बरी आहे, आत्ताच दूध घेतलं."

"हो."

"ते तुला कुठून कळलं?"

"नाही कळलं. मी आपलं सांगितलं."

त्यांनी मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. ते म्हणाले, "मला बोलावलं असतंस तर मी आलो असतो. दोघं गेलो असतो त्या गल्लीत." एवढंच. मग उठून त्यांनी सुई काढली, औषध भरलं आणि रोजच्यासारखी तिच्यापुढे धरली. तिने आकडा बघितला. "दोन जास्त आहेत," ती म्हणाली. त्यांनी कमी केलं.

ताईचं पत्र पाचव्या दिवशी आलं, फोटो काढून पाठवलेलं, मोत्यासारख्या अक्षरात. 'माझी सख्खी धाकटी बहीण चार रात्री माझ्या घरी होती. पाचव्या दिवशी मी तिला जायला सांगितलं. पुढल्या सात रात्री ती याच गावात होती, हे मला आत्ता कळलं. त्या काळात आमची आई आजारी होती. वरील मजकूर खरा आहे.' सूनबाईने त्याचं इथल्या भाषेत शब्दशः भाषांतर करून दोन्ही कागद जोडले. बटण दाबायच्या आधी तिने विचारलं, "आई, 'मी तिला जायला सांगितलं' हे ठेवायचं? गरज नाही त्याची."

"तिने लिहिलंय ना? ठेव."

पुन्हा तीच ओळ आली, 'तपासणी सुरू आहे.' पुन्हा चौदा आकडे, पुन्हा चित्रं. परवाना संपायला दोन महिने उरले, मग सात आठवडे. एका सकाळी चित्रांत पूल निवडायचे होते. लिफ्टवाल्यांनी तीनदा चुकवले, म्हणून धाकटीने स्वतः माऊस हातात घेतला. ओळ उघडली. तिने वाचली. पुन्हा वाचली. मग खुर्चीच्या पाठीला धरून म्हणाली, "सूनबाईला हाक मारा."

"मंजूर, आई!" सूनबाई ओरडली. "शपथेची तारीख आलीय. सोळा तारीख, सकाळी दहा." लिफ्टवाल्यांनी चष्मा काढून पुसला आणि तो परत घालायचा विसरले. सूनबाईने लगेच नवऱ्याला फोन लावला. तो कुठल्याशा महामार्गावर होता, त्याने भोंगा वाजवून दाखवला.

गडबड ओसरल्यावर धाकटीने ताईला फोन केला. या खेपेला दार उघडंच होतं.

"झालं," ती म्हणाली.

"मिळालं?"

"मिळालं. सोळा तारखेला शपथ."

"चांगलं झालं," ताई म्हणाली. मग तिने विचारलं, "त्या सात रात्रींबद्दल काय म्हणाले?"

"काही नाही. एक ओळ आहे शेवटी. खुलासा समाधानकारक."

"असं." पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "त्यांचं झालं असेल समाधान. माझं नाही झालेलं. मला अजून विचारायचंय तुला."

धाकटीने जवळची खुर्ची ओढली आणि बसली.

"विचार," ती म्हणाली.